उन्हाळ्यात हेलेबोर मान टाकतंय? नळ सोडण्याआधी हे तपासा

जुलै उजाडला की मला फोटो यायला लागतात. सगळे सारखेच असतात. हेलेबोर या हिवाळ्यात फुलणाऱ्या फुलझाडाची पानं मिटलेल्या छत्रीसारखी लोंबलेली, कडा तपकिरी, बुंध्याशी ओलागच्च मल्च, म्हणजे मातीवरचं आच्छादन. सोबतचं वाक्यही ठरलेलं: "ताई, पाणी तर रोज घालतेय, तरी असं का?"

मी कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोजवळच्या एल्क ग्रोव्हला राहते. इथे वर्षाला साधारण १८ इंच पाऊस पडतो, तोही बहुतेक नोव्हेंबर ते मार्च. जून ते सप्टेंबर आभाळ कोरडं ठक्क. पारा ३८ अंशांवर जाणं नेहमीचंच, आणि ६ सप्टेंबर २०२२ ला तर सॅक्रामेंटोत ११६ फॅरनहाइट, म्हणजे जवळपास ४७ सेल्सिअस झालं होतं. अशा हवेतही हेलेबोर जगतं आणि जानेवारी ते मार्च, इतर वाफे मोकळे असताना, फुलतं. माझी सुरुवातीची तीन झाडं मात्र मेली आणि तिन्ही मी पाणी घालून मारली. पुढे तोच बिघाड ओळखीच्यांच्या अंगणांत इतक्यांदा दुरुस्त केला, की तपासणीचा क्रम आता हाताला बसलाय. तो इथे लिहून ठेवते.

त्याआधी या झाडाची सवय सांगते. लेंटन रोज म्हणून मिळणाऱ्या संकरित जातींचे पूर्वज तुर्कस्तान, कॉकेशस, बाल्कन भागातल्या झाडांच्या सावलीत वाढणारे. थंडीत आणि वसंतात ते वाढतं, कडक उन्हाळ्यात थांबतं. आमच्याकडे मोर्शीला संत्र्याची बाग होती. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत बाग ताणावर सोडायची, पानं जरा मलूल दिसली तरी बाबा पाणी सोडू द्यायचे नाहीत. हेलेबोर उन्हाळ्यात आपणहून ताणावर जातं. संत्र्यासारखं ते पूर्ण कोरडं ठेवायचं नसतं, पण थांबलेल्या झाडाला रोज पाणी पाजायचंही नसतं.

लक्षणं: आधी नीट बघा

एकाच झाडावर दोन-तीन लक्षणं एकदम दिसू शकतात. म्हणून कोणतं पान, कोणती बाजू, कोणती वेळ हे लिहून ठेवा.

दुपारी मान टाकतं, सकाळी पुन्हा ताठ होतं.

सकाळीही मान खालीच आणि माती ओली. हे सगळ्यांत वाईट.

सकाळीही मान खालीच आणि माती भुरभुरीत कोरडी. हे पहिल्या उन्हाळ्यातल्या झाडाला होतं, आणि वेळेत लक्ष दिलं तर सावरतं.

पानावर फिकट, बदामी, कागदासारखे कोरडे चट्टे, तेही उन्हाच्याच बाजूला.

बाहेरची जुनी पानं पिवळी पडून वाळतात, पण मधला कोंब हिरवा.

पानावर काळपट गोल डाग, जवळून पाहिल्यास एकात एक वलयं.

कोवळ्या पानांवर शिरांच्या कडेने काळ्या रेघा, पान वाकडं, झाड खुरटलेलं.

झाड धडधाकट, पण दोन-तीन वर्षं फूलच नाही.

पहिली तपासणी: सकाळी सातला बघा

याला पैसे लागत नाहीत. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर आपण झाड बघतो आणि घाबरून पाइप उचलतो. त्या वेळी पान गरम असतं, मुळं जेवढं पाणी ओढतात त्याहून जास्त पानातून उडून जात असतं. मोठ्या पानाचं झाड अशा वेळी पानं खाली सोडून ऊन कमी अंगावर घेतं. रात्री गारवा आला की सावरतं. आमच्याकडे संध्याकाळी नदीच्या डेल्टाकडून (त्रिभुज प्रदेशाकडून) गार वारा येतो, त्या रात्रीनंतर तर हमखास.

म्हणून पाण्याला हात न लावता दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जाऊन बघा. पानं वर आली असतील तर झाड ठीक आहे. तिथेच थांबा.

दुसरी तपासणी: बोट चार इंच खाली

सगळ्यांत जास्त झाडं इथे वाचतात किंवा इथे जातात, म्हणून यावर जरा थांबते.

मल्च हाताने बाजूला करा. वरची माती नेहमीच फसवते, ती कोरडी असते आणि दोन इंचांखाली चिखल असतो. खुरप्याने चार इंच उकरून तळाची चिमूट घ्या आणि मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारल्यावर फुटला तर वाफसा आहे, पाणी नको. गोळा चकाकतो, बोटाला चिकटतो, दाबल्यावर चपटा होतो, तर माती पाण्याने भरलेली आहे. गोळाच होत नाही, हातातून सांडते, तर मात्र पाणी हवं.

ओल्या मातीत झाड मान का टाकतं, हे समजलं की हात आपोआप आवरतो. मुळांना हवा लागते. मातीतली पोकळी पाण्याने भरली की मुळं गुदमरतात आणि शेजारी पाणी असूनही ते ओढू शकत नाहीत. वर पानं तहानलेली दिसतात, आपण आणखी पाणी घालतो. त्यात माती गरम असेल तर मूळकुज करणाऱ्या फायटोप्थोरा, पिथियमसारख्या रोगजंतूंना यासारखी जागा नाही. विदर्भातल्या संत्र्याला डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लावतो तोही फायटोप्थोराच.

गेल्या जुलैत एका मैत्रिणीकडे सकाळी गेले होते. तिने मल्च उचललं तर आतून कोमट वाफ आणि आंबूस वास आला. ड्रिप रोज वीस मिनिटं चालू होतं. त्या दिवशी एवढंच केलं: ड्रिप बंद, बुंध्याभोवतीचं मल्च मागे, माती उघडी. दहा दिवस काहीही घातलं नाही. चारपैकी तीन झाडं ऑक्टोबरात नवा कोंब घेऊन आली. चौथ्याचा गड्डा (देठ जिथून निघतात तो जमिनीलगतचा भाग) आधीच मऊ झाला होता, ते गेलं.

माती कोरडी निघाली तर सकाळी सावकाश, खोल पाणी द्या, आणि पुन्हा चिमूट घेऊन बघितल्याशिवाय दुसरं देऊ नका.

तिसरी तपासणी: मधला कोंब दाबून बघा

बाहेरची पानं गेली म्हणजे झाड गेलं असं नाही. लेंटन रोजची जुनी पानं ऑगस्ट-सप्टेंबरात अशीही थकतात आणि डिसेंबरात आपण ती कापतोच. जीव असतो जमिनीलगतच्या गड्ड्यात. हातमोजे घाला, कारण या झाडाच्या चिकाने कातडी चुरचुरते, कुणाकुणाला फोड येतात. मग पानांच्या देठांच्या मुळाशी अंगठ्याने हलकेच दाबा. कडक लागलं तर वाट बघा. मऊ, पिचपिचीत लागलं, देठ ओढताच सहज हातात आला, तर कूज गड्ड्यापर्यंत पोचली आहे.

कोर्सिकन हेलेबोर आणि फेटिडस या जातींचं वेगळं. त्यांना उभे दांडे येतात, फुलून झालेला दांडा उन्हाळ्यात वाळतो आणि बुडातून नवे येतात. दांडा वाळला म्हणून अख्खं झाड उपटलेलं मी पाहिलंय. वाळलेला दांडा तेवढा तळाशी कापा.

चौथी: गड्डा किती खोल आहे?

बोटांनी माती सारून बघा, देठ जिथून निघतात ती जागा जमिनीच्या पातळीला दिसली पाहिजे. माझ्या अनुभवात न फुलणाऱ्या झाडांपैकी बहुतेकांचा गड्डा मातीत दोन इंच गाडलेला असतो. कधी आपणच खोल लावतो, कधी दर वर्षी मल्चवर मल्च टाकून गाडतो. गाडलेला गड्डा ओला राहतो, कुजतो, आणि नाही कुजला तरी फुलं कमी देतो. संत्र्याच्या कलमाचा जोड मातीत जाऊ द्यायचा नाही आणि पाणी खोडाला लागू नये म्हणून आळं दुहेरी बांगडीचं करायचं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. मल्च दोन-तीन इंच जाड हवंच, त्याने मुळं गार राहतात. फक्त गड्ड्यापासून चार बोटं लांब ठेवा. ओंजळभर माती काढूनही गड्डा वर येत नसेल तर ऑक्टोबरात झाड काढून पुन्हा लावायचं. उन्हाळ्यात उपटू नका.

पाचवी: ऊन कुठून येतंय?

एखाद्या शनिवारी अकरा, एक, तीन आणि पाच वाजता फोटो काढा. सकाळचं ऊन चालतं. दुपारचं, विशेषतः पश्चिमेचं ऊन पान भाजतं, आणि भाजलेलं पान परत हिरवं होत नाही. थेट ऊन नसलं तरी पांढरी भिंत, काँक्रीटचा रस्ता, सजावटीचे पांढरे गोटे यांची धग लागते. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. वसंतात लावलेलं झाड जूनपर्यंत छान होतं आणि अचानक करपलं, असं असेल तर शेजारच्यांनी झाड छाटलं का तेही बघा.

आताचा उपाय म्हणजे चाळीस-पन्नास टक्के सावली देणारं शेडनेट, पानांना न टेकता वर ताणून. कायमचा उपाय म्हणजे पानगळीच्या झाडाखालची जागा: उन्हाळ्यात सावली, आणि फुलायच्या दिवसांत फांद्या उघड्या असल्याने कोवळं ऊन.

करपलेली पानं लगेच कापायची घाई नको. अर्धं हिरवं पान अजून झाडासाठी काम करतं आणि खालच्या गड्ड्याला सावलीही देतं.

सहावी: ड्रिपर मोजा

काचेचा लिटरभराचा मोजपेला आणि घड्याळ घ्या. तासाला एक गॅलनचा ड्रिपर पंधरा मिनिटांत साधारण ९५० मिलिलिटर पाणी देतो. पेला ड्रिपरखाली धरा आणि बघा. निम्मंच भरलं तर ड्रिपर क्षारांनी तुंबला आहे. पंधरा मिनिटांत पेला ओसंडला तर कुठेतरी फुटला आहे, किंवा तो मुळात दोन गॅलनचा आहे. एका घरी झाडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन गॅलनचे ड्रिपर निघाले, आणि पलीकडच्या हिरवळीचा फवाराही रोज पहाटे पानांवर उडत होता. मालकांना वाटत होतं झाडाला पाणीच पोचत नाही.

माझं प्रमाण सांगते, तुमच्या मातीप्रमाणे बदला. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा खोल पाणी, मधे चिमूट बघून. दुसऱ्या उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी. त्यानंतर सावलीतल्या झाडाला दोन-तीन आठवड्यांनी. ड्रिपर गड्ड्यापासून आठ-दहा इंच दूर हवा. उन्हाळ्यात खत अजिबात नाही. थांबलेलं झाड ते घेत नाही आणि क्षार मुळाशी साचतात.

झाड कुंडीत असेल तर हे सगळं दुप्पट काळजीने करा. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात तापते आणि कडेची मुळं अक्षरशः शिजतात. कुंडी सावलीत हलवा, शक्य असेल तर ऑक्टोबरात जमिनीत उतरवा.

सातवी: निचरा

आता खणायचं काम आहे, म्हणून ते इतक्या खाली ठेवलंय. झाडापासून दोन फुटांवर एक फूट खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, मुरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरल्यावर तासाला इंचभर तरी पाणी उतरायला हवं. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर खत, औषध, जात, काहीही बदलून उपयोग नाही.

आमच्या भागात याचं एक खास कारण आहे. सॅन होआकिन नावाची इथली तांबूस माती, जिला १९९७ मध्ये कॅलिफोर्नियाची राज्यमाती ठरवलं, तिच्याखाली सिलिकाने जोडलेला दगडासारखा थर असतो. इथले लोक त्याला हार्डपॅन म्हणतात. पहार मारली की टणकन आवाज येतो आणि हाताला झिणझिण्या. वरून दिलेलं पाणी या थरावर थाळीत साचावं तसं साचतं. थर फोडत बसण्यापेक्षा मी दहा-बारा इंच उंच वाफा करते आणि त्यात बागेतलीच माती आणि कंपोस्ट घालते. चिकणमातीत वाळू मिसळू नका, थोड्याशा वाळूने ती विटेसारखी घट्ट होते. एक फुटाहून खोल खणायचं असेल तर दोन-चार दिवस आधी ८११ ला फोन करा. गॅस आणि विजेच्या लाइनी कुठून जातात ते फुकट खूण करून देतात.

आठवी: झाड काढून मुळं बघा

हे शेवटचं, आणि फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मुळं काळी दिसली की लोक कुजली म्हणून झाड फेकतात. हेलेबोरची निरोगी मुळंही बाहेरून काळपट तपकिरीच असतात. हेलेबोरस नायगर या जातीच्या नावातला काळेपणा मुळांचाच आहे, फुलं तर पांढरी असतात. म्हणून एक मूळ मोडून बघा. आत पांढरं आणि कडक असेल तर ते जिवंत आहे. आत तपकिरी, मऊ, आणि ओढल्यावर साल निसटून मधला दोरा हातात राहत असेल तर कूज आहे. मऊ भाग धारदार चाकूने पांढऱ्या भागापर्यंत कापा, चाकू दर वेळी स्पिरिटने पुसा, आणि उरलेलं उंच वाफ्यात लावा. निम्म्याहून जास्त मुळं पांढरी असतील तरच ही मेहनत घ्या.

डाग आणि मावा

वलयांचे काळपट डाग म्हणजे करपा. तो ओल्या पानांवर पसरतो, म्हणून आमच्याकडे हिवाळ्यातच जास्त. डाग पडलेली पानं कापून कचऱ्याच्या डब्यात टाका, कंपोस्टात नको. फुलांच्या देठांवर फेब्रुवारीत मावा येतो. तो पाण्याच्या जोरदार धारेने जातो, दोन-तीन दिवस लागोपाठ मारा.

शिरांच्या कडेने काळ्या रेघा आणि वाकडी पानं असतील तर गोष्ट वेगळी. याला ब्लॅक डेथ म्हणतात, त्याचा संबंध एका विषाणूशी आहे आणि तो मावा पसरवतो असं मानतात. यावर औषध नाही. दुकानात कुणी बाटली हातात दिली तरी घेऊ नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

ब्लॅक डेथची शंका असेल तर झाडाला हात लावलेली कात्री दुसऱ्या झाडाला लावू नका, आणि जवळच्या यूसी (कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या) मास्टर गार्डनरना फोटो दाखवा. ते प्रशिक्षित स्वयंसेवक असतात, बहुतेक काउंट्यांत (जिल्ह्यांत) त्यांची मदत फुकट मिळते, आणि गरज पडली तर नमुना प्रयोगशाळेत कसा पाठवायचा तेही सांगतात. महागाची चार-पाच झाडं एकत्र लावलेली असतील तर हे आधीच करा.

हेलेबोर जुन्या व्हॅली ओकखाली असेल आणि ओकची पानं विरळ होत असतील, खोडावर काळा ओघळ दिसत असेल, बुंध्याशी अळंब्या उगवत असतील, तर हेलेबोरची काळजी बाजूला ठेवा आणि प्रमाणित आर्बोरिस्टला, म्हणजे मोठ्या झाडांच्या तज्ज्ञाला, बोलवा. इथल्या देशी ओकला कोरड्या उन्हाळ्याची सवय आहे. उन्हाळ्यात बुंध्याजवळ पाणी राहिलं तर तो कुजतो आणि शंभर-दोनशे वर्षांचं झाड घरावर येऊ शकतं. मी ओकच्या बुंध्यापासून दहा फुटांच्या आत ड्रिप टाकतच नाही. बऱ्याच शहरांत असे ओक संरक्षित आहेत, तेव्हा त्यांची मुळं स्वतः तोडू नका.

सगळं अंगणच पाणी धरत असेल, पावसाळ्यात पाणी घराच्या पायाकडे येत असेल, तर ते निचऱ्याच्या ठेकेदाराचं काम आहे.

आणि एक अगदी तातडीचं. हे झाड विषारी आहे, मुळापासून बियांपर्यंत. लहान मुलाने तोंडात घातलं तर लक्षणांची वाट न बघता अमेरिकेतल्या विषबाधा मदतवाहिनीला, १-८००-२२२-१२२२ ला, फोन करा. कुत्र्याने चावलं तर सरळ पशुवैद्याकडे.

झाड गेलंच तर

त्याच जागी लगेच दुसरं लावू नका, आधी निचरा आणि ऊन सुधारा. मग कोर्सिका-सार्डिनियाचं अर्गुटिफोलियस, म्हणजे वर आलेलं कोर्सिकन हेलेबोर, घ्या. करवती कडांची, निळसर हिरवी, चामड्यासारखी पानं आणि पोपटी फुलं. भूमध्यसागरी उन्हाळ्यातलंच असल्याने ते आमच्या हवेत सगळ्यांत निवांत राहतं आणि लेंटन रोजपेक्षा जास्त ऊन सोसतं. त्याचाच संकर असलेलं स्टर्नीही चांगलं. नायगर मात्र आल्प्सच्या बाजूचं, ते या खोऱ्यात मला कधी टिकवता आलं नाही. लावायची वेळ ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर. फेब्रुवारीत फुलं बघूनच घ्यायचं असेल तर आणल्या आठवड्यात जमिनीत लावा, म्हणजे जूनच्या आधी मुळं पसरायला चार महिने मिळतात.

पुण्या-नागपूरहूनही विचारणा येते, त्यांना खरं ते सांगते: तिथे लावू नका. या झाडाला थंड हिवाळा लागतो, तो तिथे नसतो, आणि नेमकं ते थांबतं त्या महिन्यांत पावसाळ्याची ओली उष्णता असते. म्हणजे वर ज्या कुजीबद्दल लिहिलं तिचीच सगळी तयारी. इथून बॅगेत रोप घालूनही नेऊ नका. आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावर ते काढून घेतात.